केकवरच्या आकृत्या: कुठल्या भागाला कोणतं साहित्य?

नुसत्या फाँडंटची (केक झाकायच्या मऊ साखरेच्या लगद्याची) बाहुली संध्याकाळी ताठ बसलेली असते आणि सकाळी पोटावर झुकलेली सापडते. फाँडंट मऊ राहावं म्हणून त्यात ग्लिसरीन असतं. केक झाकताना हा गुण उपयोगी पडतो, कारण सुरी सहज चालते. उभ्या आकृतीला मात्र तोच नडतो. बाहेरून कोरडी वाटणारी आकृती आत ओलीच राहते आणि स्वतःच्या वजनानं खाली बसते.

म्हणून अख्खी आकृती एकाच साहित्यात करायचा हट्ट धरू नका. तो भाग किती जाड आहे, कुठल्या आधारावर राहणार आहे आणि वाळायला किती वेळ हातात आहे, हे पाहून साहित्य ठरवा.

आठ-दहा सेंटिमीटरपर्यंतच्या आकृतीच्या धडासाठी सीएमसी किंवा टायलोज पावडर (फाँडंटला कडकपणा देणारी, डिंकासारखी खाण्याजोगी पावडर) घातलेलं फाँडंट पुरेसं होतं. 250 ग्रॅम फाँडंटला 1 सपाट चमचा (5 मिलिचा) पावडर घ्या. ती थोडी थोडी भुरभुरवून मळा, एकदम ओतली तर गुठळ्या राहतात. मग गोळा प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून काही तास, जमल्यास रात्रभर ठेवा. टायलोज लवकर पकड धरते, सीएमसीला जास्त वेळ लागतो. वेळ कमी आहे म्हणून पावडर वाढवली की गोळा कोरडा पडतो आणि वळवताना कोपरा-गुडघ्यावर बारीक सुरकुत्या येतात. हाताला चिकटत असेल तर कॉर्नफ्लोअरऐवजी बोटांना किंचित शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) लावा. कॉर्नफ्लोअर पृष्ठभागाची ओल शोषून घेतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

कान, टोपीची कड, पंख, कॉलर असे 1-2 मिलिमीटर जाडीचे भाग गम पेस्टचेच (डिंक घातलेल्या साखरेच्या लगद्याचेच) करा. ती वाळून कडक होते आणि आकार सोडत नाही. पण उघडी ठेवली तर काही मिनिटांतच तिच्यावर साय धरते, म्हणून लागेल तेवढाच तुकडा बाहेर काढा. वाळलेली गम पेस्ट ठिसूळ असते, त्यामुळे प्रत्येक नाजूक भाग एक-दोन जास्तीचे करून ठेवावेत. हात आणि पाय फार जाड नसतात, फार पातळही नसतात. त्यांना निम्मं फाँडंट आणि निम्मी गम पेस्ट हे मिश्रण चांगलं: वाकवताना तुटत नाही आणि वाळल्यावर लोंबत नाही.

चेहऱ्यासाठी आमची पसंती मॉडेलिंग चॉकलेटला, म्हणजे सिरप घालून मळलेल्या चॉकलेटला. त्यावर साय धरत नाही, त्यामुळे नाक, गाल, पापण्या निवांतपणे घडवता येतात. जोड बोटानं घासला की दिसेनासा होतो, हे सुख फाँडंटमध्ये नाही. डार्क चॉकलेट असेल तर वजनानं 2 भाग चॉकलेटला 1 भाग कॉर्न सिरप, आणि पांढऱ्या कंपाउंडला (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाच्या चॉकलेटला) साधारण 4 भागांना 1. चॉकलेट वितळवून थोडं निवू द्या आणि कोमट सिरप घालून हलकेच ढवळा. मिश्रण भांड्याची कड सोडू लागलं की थांबा. जास्त ढवळलं तर तेल सुटतं. सुटलंच तर घाबरू नका, गोळा गुंडाळून थंड होऊ द्या आणि मग पुन्हा मळा, बहुतेक वेळा तेल आत मुरतं. गुंडाळलेला गोळा रात्रभर ठेवूनच कामाला घ्या. हे साहित्य गम पेस्टसारखं कडक होत नाही, तेव्हा पातळ उभे भाग याचे करू नयेत. हात गरम असणाऱ्यांनी दर काही मिनिटांनी आकृती बाजूला ठेवावी.

हवामानाचाही विचार हवा. साखर हवेतली ओल ओढते, म्हणून दमट दिवसांत गम पेस्ट वाळता वाळत नाही आणि वाळलेली पुन्हा नरम पडते. तिथे मॉडेलिंग चॉकलेट बरं. कोरड्या उन्हाळ्यात उलट, चॉकलेट पाघळतं आणि साखर टिकते.

आकृती पंधरा सेंटिमीटरच्या वर गेली की भरीव फाँडंट नको, वजन झेपत नाही. आतला गाभा फुलवलेल्या तांदळाचा करा: 170 ग्रॅम दाणे, 280 ग्रॅम मार्शमॅलो आणि फक्त 1 मोठा चमचा लोणी. खाऊसाठी करतात त्यापेक्षा लोणी मुद्दाम कमी ठेवायचं, नाहीतर गाभा ढिला राहतो. कोमट असतानाच जोरानं दाबून आकार द्या आणि रात्रभर बसू द्या. मग गनाशचा (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचा) थर देऊन खड्डे बुजवा. हा थर वगळलात तर दाण्यांचे उंचवटे वरून दिसतात.

डोकं आणि धड जोडायला कच्ची स्पॅगेटी वापरा. टूथपिक लहान मुलाच्या तोंडात गेली तर इजा होते. मोठ्या आकृतीत लाकडी किंवा प्लास्टिकचा डॉवेल (आधाराची काडी) लागतोच, मग केक घेणाऱ्याला तो कुठे आहे हे सांगायलाच हवं. डोकं आधी वेगळं, स्पॅगेटीवर उभं ठेवून किमान 24 तास वाळवा. आडवं ठेवलं तर मागून चपटं होतं. धड घट्ट झाल्यावरच त्यावर डोकं बसवा. डिंक घरीच होतो: 2 मोठे चमचे कोमट पाण्यात पाव चमचा सीएमसी मिसळून रात्रभर ठेवा. लावताना पुसटसाच लावा, ओघळला तर जोड सरकतो.

तयार आकृती फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं आणि रंग ओघळतात. पुठ्ठ्याच्या डब्यात, झाकण किंचित उघडं ठेवून मोकळ्या हवेत राहू द्या. क्रीमच्या केकवर ठेवायची असेल तर तळाला वितळलेल्या चॉकलेटचा हात द्या म्हणजे क्रीमची ओल वर चढत नाही. आकृती जड असेल तर खाली केकमध्ये तीन-चार डॉवेल रोवून त्यावर छोटा केक बोर्ड ठेवा, आणि केक जागेवर पोहोचल्यावरच ती वर चढवा.