कलरबारमुळे उजवा सबप्लॉट आक्रसत होता: अखेर सुटलं

गोव्यातल्या पणजी आणि वाळपईच्या पावसाची आकृती मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनमधली आलेख काढायची लायब्ररी) करत होतो. वर पूर्ण रुंदीचा रोजचा आलेख, खाली दोन शेजारी हीटमॅप (आकडे रंगांत दाखवणारे तक्ते); यातला प्रत्येक आलेख म्हणजे एक सबप्लॉट. कलरबार (कोणता रंग म्हणजे किती ते सांगणारी पट्टी) लावला की उजवा हीटमॅप डाव्यापेक्षा अरुंद, आणि वरच्या आलेखाचा अक्षमजकूर खालच्या शीर्षकावर चढलेला.

जागा आपोआप बसवणारं 'टाइट लेआउट' लावून पाहिलं, 'सबप्लॉट्स अ‍ॅडजस्ट'चे समासाचे आकडे बदलून पाहिले. दोन संध्याकाळी गेल्या, जीव मेटाकुटीला आला.

चाललं ते असं. आधी 'टाइट लेआउट' आणि 'सबप्लॉट्स अ‍ॅडजस्ट'च्या ओळी पुसल्या. त्या राहिल्या तर पुढचं बिघडतं. मग फिगर (पूर्ण आकृती) बनवतानाच लेआउट 'कॉन्स्ट्रेन्ड' दिला (मॅटप्लॉटलिब आवृत्ती ३.५ पासून चालतं). त्यावर 'अ‍ॅड ग्रिडस्पेक' (कप्प्यांची जाळी) २ ओळी, २ स्तंभ, उंचीचं प्रमाण २:१. पहिली ओळ पूर्ण वरच्या आलेखाला, खालचे दोन कप्पे हीटमॅपना. दोन्हींना व्हीमिन-व्हीमॅक्स (रंगांची किमान-कमाल मर्यादा) एकच, नाहीतर रंगांची तुलनाच खोटी ठरते.

खरी मेख कलरबारमध्ये होती: त्याच्या 'एएक्स'ला (जागा कोणाकडून घ्यायची ते सांगणारा पर्याय) मी एकच अक्ष, म्हणजे उजवा सबप्लॉट, देत होतो, म्हणून जागा त्याच्याकडूनच कापली जायची. खालच्या दोन्ही अक्षांची यादी दिली आणि दोन्ही हीटमॅप सारखे झाले.