खाऱ्या पाण्यातला मासा आजारी पडला तर या चुका टाळा

"काका, माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले आहेत, कोणते औषध घालू?" असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, आणि बहुतेक वेळा तो रात्री साडेनऊनंतर, म्हणजे दुकाने बंद झाल्यावर येतो. मी औषधाचे नाव सांगत नाही, उलट तीन प्रश्न विचारतो: मासा मिनिटाला किती वेळा श्वास घेतो, पाण्यात अमोनिया, म्हणजे माशांच्या घाणीतून साचणारे विष, किती आहे, आणि टाकीत शेवटचा नवा मासा कधी सोडला. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे क्वचितच मिळतात. तिसऱ्याचे ताबडतोब मिळते, "गेल्या रविवारी", आणि ते देताना आवाज थोडा खाली येतो.

ठिपके पाहून रोग ठरवणे

समुद्री माशाच्या अंगावर पांढरे काही दिसले की त्याला सरसकट ‘इच’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. खरा समुद्री इच म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी. त्याचे ठिपके मिठाच्या दाण्यांएवढे असतात, सुटे असतात आणि मन लावले तर मोजता येतात. व्हेल्वेट, म्हणजे अमायलोऊडिनियम, याचे ठिपके मोजता येत नाहीत. टॉर्च तिरपी धरून पाहिली तर माशावर कोणीतरी पिठीसाखर चाळली आहे असे दिसते. हा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काहीही दिसण्यापूर्वीच मासा दगावू शकतो. मासा धापा टाकतो आहे, उजेड टाळतो आहे आणि पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड धरून उभा आहे, हे तिन्ही एकत्र दिसले तर ठिपक्यांची वाट पाहू नये. इचमध्ये विचार करायला काही दिवस मिळतात, व्हेल्वेटमध्ये बऱ्याचदा दोन दिवससुद्धा मिळत नाहीत.

क्लाऊनफिशच्या अंगावरून शेंबडासारखा थर सुटत असेल तर तो बहुधा ब्रुकलिनेला नावाचा परजीवी असतो, आणि त्यावर तांब्याचे औषध चालत नाही. ग्रीन क्रोमिसच्या कुशीवर लालसर जखम दिसली तर युरोनीमा या परजीवीचा संशय घ्यावा. तिथेही तांबे निरुपयोगी ठरते. पराच्या कडेला फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी गाठ आली असेल तर तो लिम्फोसिस्टिस नावाचा विषाणूजन्य विकार असतो. त्याला औषध नाही आणि बहुतेक वेळा त्याची गरजही नसते, कारण पाणी आणि आहार चांगला असेल तर ती गाठ आपोआप जाते. या गाठीसाठी लोकांनी माशाला महिनाभर तांब्यात ठेवलेले मी पाहिले आहे.

म्हणून ठिपक्यांच्या आधी श्वास मोजावा. मी दर रविवारी सकाळी चहा घेताना प्रत्येक माशाच्या कल्ल्यांची झाकणे मिनिटभरात किती वेळा हलतात ते मोजतो आणि दुधाचा हिशेब लिहावा तसा तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत लिहितो. जातीनुसार आणि आकारानुसार हा आकडा बदलतो, त्यामुळे दुसऱ्याच्या माशाचा आकडा आपल्या उपयोगाचा नसतो. आपलाच मासा निरोगी असताना किती श्वास घेत होता हे ठाऊक असावे लागते. तो दीडपट झाला की मी त्याच मिनिटाला अमोनियाची चाचणी करतो आणि त्यानंतरच रोगाचा विचार करतो. समुद्री पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 असतो, आणि इतक्या पीएचला अमोनियाचा विषारी अंश गोड्या पाण्यातल्यापेक्षा बराच जास्त असतो. गोड्या पाण्यात मासा ज्या आकड्यावर तग धरतो, त्या आकड्यावर इथे त्याचे कल्ले जळतात.

मुख्य टाकीत तांबे ओतणे

या चुकीबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी चार फुटी टाकी होती. त्यात दोन क्लाऊनफिश, एक निळा टँग मासा, काही गोगलगायी, चार हर्मिट क्रॅब आणि एक क्लीनर श्रिम्प, म्हणजे माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारी कोळंबी, होती. टँग मुंबईहून द्रुतगती मार्गाने पिशवीत आला आणि त्याच संध्याकाळी मी त्याला थेट टाकीत सोडला, कारण वेगळी टाकी ठेवायला घरात जागा नाही असे माझे मत होते. सहाव्या दिवशी त्याच्या अंगावर दाणे दिसले. दुकानदाराने निळ्या द्रवाची एक बाटली दिली, जिच्यावर धड नावही नव्हते, आणि "सकाळ-संध्याकाळ वीस-वीस थेंब" असे सांगितले. वीस थेंबांनी पाण्यात किती तांबे जाते हे मी विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही, आणि तांबे मोजायचा किट माझ्याकडे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रिम्प मेलेली होती. संध्याकाळपर्यंत गोगलगायी शंखातून बाहेर लोंबू लागल्या. अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे सोसत नाही हे मला नंतर कळले. खडकांच्या मागे मेलेल्या गोगलगायी काढता आल्या नाहीत, त्यामुळे अमोनिया वाढला. टँग अधिकच धापा टाकू लागला आणि ते पाहून मी थेंब वाढवले. इकडे टाकीतली वाळू आणि खडक कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे तांबे शोषून घेत होते, म्हणजे पाण्यातले प्रमाण परजीवीला मारण्याइतके टिकत नव्हते, आणि श्रिम्पला मारायला मात्र ते पुरेसे झाले होते. नवव्या दिवशी टँग गेला, त्यानंतर चार दिवसांनी क्लाऊनची मादी गेली. त्या खडकांवर मी पुन्हा कधी विश्वास ठेवला नाही. ते आज आमच्या सोसायटीच्या बागेत तुळशीभोवती मांडलेले आहेत.

तांबे हे वाईट औषध नाही, त्याची जागा वेगळ्या टाकीत आहे. माशाच्या त्वचेखाली बसलेला परजीवी तांब्याने मरत नाही. तो गळून पडल्यावर कोषातून जी पिल्ले पोहत बाहेर पडतात, तीच मरतात. त्यामुळे प्रमाण एक दिवस गाठून भागत नाही, ते महिनाभर सलग राखावे लागते. साध्या आयनिक तांब्यासाठी ते लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम असते, तर चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या, तांब्यासाठी 1.5 मिलिग्रॅमपासून पुढे, औषधानुसार साधारण 2.5 पर्यंत. हे दोन आकडे एकमेकांत मिसळणाऱ्या माणसाचा मासा एक तर बरा होत नाही, नाही तर मरतो. किटसुद्धा आपल्या औषधाच्या प्रकाराला चालणारा आहे ना हे पाहून घ्यावा, आणि प्रमाण दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावे. तांबे चालू असताना अमोनिया बांधून ठेवणारी द्रावणे घालू नयेत, कारण त्यांतली काही तांब्याला अधिक विषारी रूपात बदलतात. पाणी बदलणे हाच तिथे सुरक्षित उपाय आहे.

इचसाठी मी स्वतः आता तांबे वापरतच नाही. माझ्याकडे झाकणाचे दोन मोठे प्लॅस्टिकचे टब आहेत. प्रत्येकात एअरस्टोन, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो एवढेच असते. मासा एका टबात तीन दिवस राहतो, 72 तास पूर्ण होण्याच्या आत नव्या पाण्याच्या दुसऱ्या टबात जातो, आणि पहिला टब धुऊन उन्हात खडखडीत वाळवला जातो. असे चार वेळा केले की परजीवी दर वेळी मागे राहिलेल्या टबात अडकतो आणि तेराव्या दिवशी मासा मोकळा होतो. मीठ जास्त लागते, पाठ दुखते, आणि व्हेल्वेटसाठी या पद्धतीवर भरवसा ठेवता येत नाही. पण यात थेंब मोजावे लागत नाहीत.

ठिपके गेले म्हणजे मासा बरा झाला असे समजणे

इच अंगावर तीन ते सात दिवस राहतो आणि मग स्वतःहून गळतो. नेमक्या त्या दिवशी ज्याने लसूण चारलेली असते तो लसणाचा भक्त होतो, आणि ज्याने तापमान वाढवलेले असते तो तापमानाचा. तापमान वाढवण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या इचसाठी आहे, तो जीवच वेगळा आहे. समुद्री इचचे कोष वाळूत आणि खडकांवर चिकटून राहतात, त्यातली काही पिल्ले आठवड्यात बाहेर येतात आणि काहींना दोन महिन्यांहून जास्त लागतात. सगळे मासे बाहेर काढून टाकी 76 दिवस रिकामी ठेवायची, हा आकडा तिथून आला आहे.

या 76 दिवसांवर माझी जितकी भांडणे झाली आहेत तितकी अन्य कशावरही झालेली नाहीत. बाणेरच्या एका तरुण मुलाने मला एकविसाव्या दिवशी विचारले, "काका, आता ठिपके नाहीत, सोडू का परत?" मी नाही म्हटले. त्याने सोडले. नंतर तीन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला, आणि त्याने पुन्हा औषधाचेच नाव विचारले. ज्याला अडीच महिने रिकामी टाकी पाहवत नाही, त्याने समुद्री मासे पाळण्याआधी कुंडीत आंब्याची कोय लावून पाहावी.

उन्हाळ्यातली धाप

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीकडे जातो, दुपारी वीज जाते, आणि संध्याकाळी व्हेल्वेटचे फोन सुरू होतात. त्यातले निम्मे व्हेल्वेट नसतात. समुद्री पाण्यात 25 अंशांना लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 30 अंशांना सहाच्या थोडा वर; आणि हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. आपण 560 मीटरवर राहतो, त्यामुळे त्यातूनही सहाएक टक्के वजा करावे लागतात. सगळे मासे एकाच वेळी, एकाच तासात पृष्ठभागाशी आले तर तो बहुधा रोग नसतो. पॉवरहेडचे तोंड वर वळवावे, झाकण काढून पंखा लावावा, आणि अर्ध्या तासाने पुन्हा श्वास मोजावा. बॅटरीवर चालणारा एअरपंप पाणी थंड करणाऱ्या चिलरपेक्षा कितीतरी स्वस्त येतो, तरीही लोक आधी दिवे विकत घेतात.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

क्लीनर श्रिम्प इच बरा करत नाही. खारटपणा मोजणारा हालत्या काट्याचा हायड्रोमीटर बुडबुडा चिकटला की खोटे बोलतो. रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा आणि तो 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणाने जुळवावा. औषध घालताना ते काढून टाकणारा फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही दिवा चालू ठेवणारे लोक औषधाचे पैसे नाल्यात टाकतात. अँटिबायोटिकचे दोनच डोस देऊन थांबू नये. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि उन्हाळ्यात टँकरने येणारे पाणी कोणत्या विहिरीचे आहे हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसते. दोन्ही आरओमधून गेल्याशिवाय मिठाच्या बादलीजवळ आणू नयेत.

लांबून आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणे हीदेखील चूकच आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, म्हणून साचलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. त्यापेक्षा क्वारंटाईनच्या, म्हणजे नवा मासा आधी वेगळा ठेवण्याच्या, टाकीचा खारटपणा आधीच पिशवीएवढा करून ठेवावा, तापमान जुळवावे आणि मासा लगेच सोडावा.

गोड्या पाण्याच्या आंघोळीची लोकांना उगीच भीती वाटते. आरओचे पाणी टाकीच्या तापमानाला आणावे, खाण्याच्या सोड्याने पीएच 8.2 च्या आसपास न्यावा, हवा सोडावी आणि मासा तीन ते पाच मिनिटे नजरेसमोर ठेवावा. फार तडफडला तर लगेच काढावा. माशावर फ्लूक असतील तर एरवी न दिसणारे ते चपटे किडे पांढरे पडून बादलीच्या तळाशी तिळासारखे गळतात. मी यासाठी काळी बादलीच वापरतो. किडे पडले की पुढचा उपचार प्राझिक्वांटेल या जंतनाशकाचा, आणि अंडी त्याला दाद देत नाहीत म्हणून आठवड्याभराने दुसरा डोस.

राहता राहिला मेलेला मासा. तो कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकण्याची घाई करू नये, आणि फ्रीजरमध्येही ठेवू नये. मेल्यावर पहिल्या तासाभरात कल्ल्याचा एक छोटा तुकडा कात्रीने काढून टाकीतल्याच पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवावा. माझ्याकडे जुन्या बाजारातून आणलेला शाळेचा सूक्ष्मदर्शक आहे, आणि शंभरपट मोठे करून पाहायला तो पुरतो. गडद, नासपतीसारखे, न हलणारे दाणे कल्ल्याला चिकटलेले दिसले तर व्हेल्वेट. अंगभर केसाळ असलेले गोल शरीर सावकाश गरगरत असेल तर इच. आणि घेवड्याच्या दाण्यासारखे काही झरझर सरकत असेल तर ब्रुकलिनेला. टाकीत जे मासे अजून श्वास घेत आहेत, त्यांचे औषध त्यानंतर ठरवावे.