रेडिओ रेंजवर उडण्याआधी

१९३० च्या दशकातली अमेरिका, खाली सलग ढग आणि वाट दाखवायला हेडफोनमधला सूर. हा सूर जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांतून येई; या व्यवस्थेला ‘रेडिओ रेंज’ म्हणत. अशा उड्डाणाची निम्मी तयारी जमिनीवरच होते, म्हणून आधी नकाशा उघडा. वाटेतल्या प्रत्येक रेंज केंद्राची फ्रिक्वेन्सी, ओळखीची अक्षरं आणि चारही पट्ट्यांच्या, म्हणजे केंद्रापासून निघणाऱ्या रेडिओ-वाटांच्या, दिशा लिहून घ्या. पट्टे काटकोनातच असतील असं धरू नका. हवाई मार्गाशी जुळावेत म्हणून ते वळवलेले असतात. पट्ट्यांमधल्या चार भागांपैकी समोरासमोरच्या दोन भागांत मोर्स लिपीतला ‘ए’, म्हणजे डिट-डा. उरलेल्या दोन भागांत ‘एन’, म्हणजे डा-डिट. कुठे काय ऐकू येणार ते पेन्सिलीने मांडून ठेवा. दोन्ही अक्षरं एकमेकांत बसून सूर अखंड झाला की तुम्ही पट्ट्यावर. पट्टा साधारण ३ अंशांचा, म्हणजे २० मैलांवर जेमतेम १ मैल रुंद. त्याच्या उजव्या कडेने जायचं ठरवा, समोरून येणारं विमानही त्याच्या उजवीकडे असतं.

डोंगरांची उंची आणि अडथळे वहीत हवेतच. हवाई टपालाचे वैमानिक एल्रे जेपेसन तर हवामान विचारता यावं म्हणून वाटेतल्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही टिपून ठेवत.

सगळ्यात जास्त सराव करा तो आवाजाच्या बटणाचा. आवाज आपोआप सारखा ठेवणारी सोय बंद करा, नाहीतर चढ-उतार कळणारच नाही. नुसता ‘ए’ ऐकू आला तर दोन ‘ए’ भागांपैकी तुम्ही कुठल्या भागात आहात? आवाज अगदी बारीक करा, एक दिशा धरा आणि धीर ठेवा. वाढत गेला तर केंद्र जवळ येतंय, विरत गेला तर पाठीमागे पडतंय. मोठ्या आवाजातला हा फरक कान टिपत नाही. घाईने वळणारे इथेच फसतात.

केंद्र जवळ आलं की आवाज झपाट्याने चढतो, केंद्राच्या बरोबर माथ्यावर काही सेकंद गप्प होतो आणि पुन्हा उसळतो. हा क्रम पाठ हवा, कारण डोंगराळ भागात सूर मधेच हरवू शकतो आणि खोटे पट्टेही ऐकू येतात. केंद्र जुन्या लूप अँटेनाचं असेल तर रात्री पट्टा सरकतो, तेव्हा एकट्या त्याच्या भरवशावर राहू नका. वादळात खरखर इतकी वाढते की अक्षरं ओळखता येत नाहीत. त्यासाठी होकायंत्र आणि घड्याळ यांचा हिशेब सुरूच ठेवा.

शेवटी केंद्रापासून धावपट्टीपर्यंतची दिशा आणि मिनिटं ठळक लिहा. तेवढ्या वेळात जमीन दिसली नाही तर किती उंची गाठून कुठल्या पट्ट्याने परतायचं, तेही त्याच ओळीत लिहा.