नागपुरात बसून युरोपचं साहित्य, चित्रं आणि विचार कसे वाचायचे

अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच की पाश्चात्त्य साहित्य, कला, विचार यांचा इतिहास शिकायचा आहे, सुरुवात कुठून करू, आणि विचारणाऱ्याने ग्रीक कवी होमर आधीच डाउनलोड करून ठेवलेला असतो. ग्रीसपासून निघून ओळीने आजपर्यंत यायचं असा प्लॅन असतो, आणि तो प्लेटोच्या आसपास कुठेतरी बंद पडतो. एम.ए. इंग्लिशवाल्यांचं ठीक आहे, त्यांना पेपर द्यायचा आहे, बर्डीवरून गाईड आणलं की झालं. तुम्हाला परीक्षा नाही ना, मग ओळीने कशाला?

माझं सांगणं एवढंच, की एक साल पकडा आणि आडवं वाचा. त्या दहा-पंधरा वर्षांत कोण काय लिहून राहिलं होतं, कोण काय रंगवून राहिलं होतं, कोणाला कशापायी शिक्षा होत होती, हे सगळं एकत्र बघा.

1600 घ्या. फेब्रुवारीत रोममध्ये जिओर्दानो ब्रूनो या विचारवंताला पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. त्याच शहरात त्याच सुमारास चित्रकार काराव्हाज्जो एका चर्चसाठी संत मॅथ्यूची चित्रं करत होता. लंडनमध्ये शेक्सपिअरचं हॅम्लेट याच एक-दोन वर्षांतलं, आणि 31 डिसेंबरला तिथेच ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. 1605 ला स्पेनमध्ये डॉन किहोते या कादंबरीचा पहिला भाग आला, 1609 ला गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे लावली. इकडे एकनाथ 1599 ला गेले आणि तुकाराम अजून जन्मायचे होते. वहीच्या डाव्या पानावर तिकडचं, उजव्या पानावर आपलं, असं लिहीत जा, तारखा पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप बसतात.

आता वाचायच्या आधी बघा. येशू जकातवाल्या मॅथ्यूला शिष्य व्हायला बोलावतो ते काराव्हाज्जोचं चित्र फोनवर नको, लॅपटॉपवर मोठं करून उघडा आणि दहा मिनिटं काहीच वाचू नका. टेबलाभोवती पाच जण, पैसे मोजणं चालू. उजवीकडून येशू येतो, हात पुढे केलेला. भिंतीत खिडकी आहे पण उजेड तिच्यातून येत नाही, येशूच्या डोक्यावरून तिरपा येतो. येशू आणि त्याचा शिष्य पीटर जुन्या काळच्या वस्त्रांत, टेबलावरचे मात्र चित्रकाराच्या काळातल्या कपड्यांत, म्हणजे तेव्हाच्या रोमकरांना ही आपल्याच गल्लीतली पोरं वाटली असतील. आणि मॅथ्यू नेमका कोण? दाढीवाला बोट दाखवतो ते स्वतःकडे की शेजारी मान खाली घालून नाणी मोजणाऱ्या पोराकडे, यावर अभ्यासक अजून भांडतात. आधी तुमचं मत ठरवा, मग त्यांचं वाचा. येशूचा तो सैलसर हात व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलच्या छतावर शोधा, मिकेलअँजेलोच्या आदमचा हात सापडेल, म्हणजे शंभर वर्षं मागे जायचा रस्ता तुम्हाला चित्रानेच दाखवला.

मूळ गोष्ट मराठी बायबलमध्ये मत्तयच्या, म्हणजे मॅथ्यूच्याच, नवव्या अध्यायात एका ओवीएवढी आहे. चर्चला अशी चित्रं काहून हवी होती हे विचारलं की 1517 ला पोपच्या चर्चविरुद्ध उभा राहिलेला ल्यूथर येतो, मग त्याला उत्तर म्हणून कॅथलिकांची ट्रेंटची धर्मसभा येते, जिने ठरवलं की चित्राने साध्या माणसाला धर्म शिकवला पाहिजे. बायबल आणि ग्रीक-रोमन पुराणकथा या दोन गोष्टी मात्र थोड्या थोड्या वाचतच राहा, त्यांना शॉर्टकट नाही, रामायण-महाभारत माहीत नसताना मराठी कविता वाचायला बसण्यासारखं होतं ते.

साहित्य आणि विचार यांचा सांधा बघायचा तर माँतेन्य घ्या. हा फ्रेंच माणूस आपल्या मनोऱ्यात बसून स्वतःबद्दलच निबंध लिहायचा. नरभक्षकांवरच्या निबंधात तो विचारतो की रानटी नक्की कोण, ते की आपण. 1603 ला त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि शेक्सपिअरने त्यातला एक तुकडा जवळपास तसाच उचलून टेम्पेस्ट नाटकात गोंझालोच्या तोंडी घातला. दोन्ही उतारे शेजारी ठेवून वाचा, तासाभराचं काम आहे आणि दोन्ही इंटरनेटवर फुकट मिळतात.

इंग्रजी जड जात असेल तर लाजू नका, मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आधी तिथली नोंद वाचा. हॅम्लेटला तर आगरकरांचं विकारविलसित हे मराठी रूप आहेच, डोंगरीच्या तुरुंगात असताना केलेलं. मोठे सर्व्हे ग्रंथ नंतर. गॉम्ब्रिचचं चित्रकलेवरचं पुस्तक सुंदर आहे, रसेलचा तत्त्वज्ञानाचा इतिहास मजेदार पण एकतर्फी, पटत नाही तिथे पेन्सिलने भांडा. आणि आउअरबाखचं मिमेसिस नक्की वाचा, नाझींमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला गेलेला माणूस, हाताशी धड लायब्ररी नाही, तरी एकेक उतारा घेऊन होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत गेला. नागपुरात पुस्तकं मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी तर वाचाच.

रविवारी सकाळी तर्री पोहे झाले की सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाची इमारत बाहेरून बघून या, हेन्री मेडने केलेली, खांबांची रांग आणि वर घुमट, ग्रीस-रोम इथपर्यंत कसं आलं ते दिसतं. आणि दीक्षाभूमीला जाल तेव्हा बाबासाहेबांचं 1954 चं रेडिओवरचं भाषण आठवा, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नाही तर बुद्धाकडून घेतलं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञ ड्युईच्या हाताखाली शिकलेला माणूस हे म्हणतो. युरोप वाचायचा तो असा, डोळे मिटून नाही.

1600 मधून मन भरलं की 1857 धरा. त्या वर्षी पॅरिसमध्ये एकाच सरकारी वकिलाने आधी कादंबरीकार फ्लोबेरवर अश्लीलतेचा खटला चालवला, तो सुटला, मग कवी बोदलेअरवर चालवला, त्याला दंड झाला आणि सहा कविता काढाव्या लागल्या. चित्रकार मिलेने शेतात पडलेली कणसं वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या आणि पॅरिसचे बडे लोक त्यावर चिडले. उजव्या पानावर काय लिहायचं ते वेगळं सांगायला नको, फक्त मुंबई विद्यापीठही त्याच वर्षीचं, ते विसरू नका.