सेल्फ मारताना गाडी विचित्र आवाज करतेय? सेल्फ उतरवायच्या आधी हे बघून घ्या

अर्थिंगची वायर, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनला जाणारी वायर, बघा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण नवीन बॅटरी घ्यायच्या आधी आणि सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) उतरवायच्या आधी अर्थिंग बघा. मागच्या वेळी आमच्याकडे बॅटरी नवी आली, सेल्फचे कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) बदलून झाले, आवाज जसाच्या तसा, कारण एवढं एकच बघायचं राहिलं होतं.

हँडब्रेक, न्यूट्रल, ओढणी-बाह्या बेल्टपासून लांब, हे माहीतच असेल. पहिलं काम म्हणजे मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, सकाळच्या पहिल्याच स्टार्टला, बॉनेट उघडून, चावी दुसऱ्या कोणाला तरी फिरवायला लावा. गॅरेजपर्यंत जाईस्तोवर इंजिन गरम होतं, आवाज गायब होतो आणि मेकॅनिक म्हणतो गाडीला काही झालेलं नाही. चावी फिरवणाऱ्याला एक सांगून ठेवा, डॅशबोर्डच्या लाइट मंद होतात का तेवढं बघ.

पटापट टकटकटकटक आणि लाइट मंद, म्हणजे करंट कमी पडतोय, सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढतो आणि लगेच सोडतो. एकच जोरात 'टक' आणि पुढे शांत, तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट किंवा कार्बन, असं सगळे सांगतात, पण हे दोन्ही आवाज खराब अर्थिंगनेही येतात, आणि नेमके इथेच लोक सेल्फ बदलून मोकळे होतात. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा घर्रर्र आला तर मात्र परत परत चावी मारू नका, बेंडिक्सचे (सेल्फच्या टोकाच्या छोट्या गिअरचे) दात फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या) रिंगमध्ये नीट बसत नाहीयेत, आणि रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सेल्फ नुसताच सुंईई फिरतोय आणि इंजिन हलत नाहीये, तर बेंडिक्स गेला.

बॅटरी मल्टिमीटरने बघायची, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग बाकीचं. चार्ज करूनसुद्धा सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी खराब झालीये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर दिसली तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा, यात चूक नको, प्लस सोडवताना पाना बॉडीला लागला आणि मायनस जोडलेला असेल तर तिथेच शॉर्ट होतो.

आता अर्थिंग. बॅटरीच्या मायनसची वायर बॉडीला जाते, आणि तीच किंवा दुसरी एक जाड वायर इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे सेल्फ जो शेकडो अँपिअर करंट खेचतो त्याला परत जायला मुख्य वाट हीच. पावसाळ्यातला चिखल, कोकणातली खारी हवा, बोल्टच्या खाली गंज धरतो आणि वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून नुसतं डोकावून 'आहे की वायर' म्हणू नका, बोल्ट काढून बघा. वर लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत आणि खालच्या बाजूला तपकिरी भुकटी असते.

काढायच्या आधी मोजून घ्या: मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटावर (क्लॅम्पवर नाही, खुंटावर), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायला सांगा. आकडा फक्त सेल्फ फिरताना दिसतो. ०.२ च्या आसपास असेल तर ठीक, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चोर सापडला. मीटर नाहीये? जंपर केबल बॅटरीच्या मायनसला आणि इंजिनवरच्या एखाद्या जाड ब्रॅकेटला लावा, बेल्ट-पंख्यापासून लांब, आणि चावी फिरवा. गाडी खणखणीत उचलली तर सेल्फला हात लावायची गरजच नाही. लग आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. वायर आतून हिरवी पडली असेल तर बदलाच, सेल्फच्या मानाने किरकोळ खर्च आहे.

उरलेलं भराभर. स्टार्ट झाल्यावर किंचाळी, विशेषतः पावसात, तर बेल्ट किंवा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली). थंड इंजिनला दोन-तीन सेकंद खडखड, तर आधी ऑइल लेव्हल, ती बरोबर असेल तर टायमिंग चेन, हे लांबवू नका. पत्रा थरथरल्यासारखा वाटला तर सायलेन्सरच्या वरचं हीट शील्ड. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही बघा.

गाडी चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत, नाहीतर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा) बघा. आणि सेल्फ खरंच बदलावा लागला तर जुना परत मागून घ्या, आणि जाता जाता त्यांनी अर्थिंगचा बोल्ट आवळलाय का ते हाताने हलवून बघा.