बेसिक चॅनलची कॉर्ड घरच्या घरी

आधी फोनचा स्पीकर बंद करा आणि हेडफोन कानाला लावा. मी बेसिक चॅनल पहिल्यांदा ऐकलं ते ओट्यावर ठेवलेल्या फोनवर. आई म्हणाली, "अरे, कुकरची रिंग गेली वाटतं, वाफ सुटतेय." तिचं काही चुकलं नव्हतं. फोनवर ती वाफच तेवढी ऐकू येते, खालचं सगळं गायब.

ही टेक्नो, म्हणजे यंत्रांवर बनवलेलं नाचायचं संगीत, करणारी बर्लिनची जोडी: मॉरिट्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टस. एर्नेस्टस यांनी १९८९ मध्ये हार्ड वॅक्स हे रेकॉर्डचं दुकान काढलं. फॉन ओस्वाल्ड त्याआधी पाले शाउमबुर्ग बँडमध्ये तालवाद्यं वाजवायचे. १९९३ मध्ये बेसिक चॅनल सुरू झालं. लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, नाव तेच, जोडीचं नावही तेच. बारा इंची नऊ रेकॉर्डी काढल्या, त्यांवर नाव वाचता येऊ नये अशी विस्कटलेली अक्षरं, आणि दोन-एक वर्षांत कारभार आटोपला. मॉरिझिओ या नावानेही त्याच सुमारास रेकॉर्डी काढत होते, पुढे ऱ्हिदम अँड साउंड या नावाने.

ऐकताना 'फिलिप्स ट्रॅक'पासून सुरू करा, मग 'क्वाड्रंट डब'. दुसरा पंधरा मिनिटांच्या आसपास आहे, मध्ये पुढे ढकलू नका. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूर, शेवटपर्यंत तीच राहते. तिचं तोंड मात्र कधी उघडतं, कधी मिटतं. तेवढंच ऐका.

आता बनवायला घ्या. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. टेम्पो १२५, म्हणजे मिनिटाला १२५ मात्रा. सॉ वेव्हवर (सिंथचा करकरीत मूळ आवाज) एक मायनर कॉर्ड, तीनच सूर, आणि आवाज पाव सेकंदाच्या आत विरला पाहिजे. लो-पास फिल्टर (वरचे, चिरके सूर कापणारा) ६०० हर्ट्झच्या आसपास आणा. कॉर्ड एकदम मरतुकडी वाटेल. वाटू दे.

जीव येतो तो डिलेने, म्हणजे प्रतिध्वनीच्या यंत्राने. १२५ ला एक मात्रा ४८० मिलिसेकंदांची, तिचा पाऊण म्हणजे ३६०. डिले तिथे लावा, फीडबॅक (प्रतिध्वनीचा किती भाग परत फेऱ्यात जातो ते) ६५ टक्के. आता खरी मेख: डिलेच्या फेऱ्यातच एक हाय-पास फिल्टर (खालचे, जड सूर कापणारा) बसवा, २०० हर्ट्झला. म्हणजे प्रत्येक प्रतिध्वनी आधीच्यापेक्षा बारीक होत जातो, खाली गाळ साचत नाही. ही विद्या जमैकातल्या किंग्स्टनच्या डबवाल्यांची (रेगे गाणी मिक्सरवर मोडून नव्याने घडवणारे), किंग टबींच्या घराण्यातली; बर्लिनच्या या दोघांनी ती टेक्नोत आणली आणि उधारी लपवली नाही. ब्राँक्सच्या वॅकीज लेबलच्या जुन्या रेगे रेकॉर्डी त्यांनीच पुन्हा काढल्या.

रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीतल्यासारखी घुमणी, डिलेच्या नंतर. मी सुरुवातीला थेट कॉर्डवर ओतला होता, सगळ्याचं पिठलं झालं.

माउस सोडा. दोन नॉब असलेला स्वस्तातला कंट्रोलर घ्या. डावा हात कटऑफवर (लो-पास फिल्टरचा तो हर्ट्झचा आकडा), उजवा फीडबॅकवर, आणि आठ मिनिटं सलग रेकॉर्ड करा. फीडबॅक हळूहळू ९० पर्यंत न्या. आवाज फुगायला लागला, की किंचाळण्याआधी मागे ओढा. कधी ओढायचं ते आकड्यात सांगता येत नाही. पहिल्या खेपेला मी उशीर केला आणि हेडफोन काढून गादीवर भिरकावले.

मग ती वाफ. साधा नॉइज घ्या, अगदी हळू, आणि त्याच डिलेतून जाऊ द्या, म्हणजे तो कॉर्डबरोबर श्वास घेतो. जुन्या रेकॉर्डीची खरखर विकत घेऊन वरून चिकटवणारे असतात. मला तो प्रकार नव्या जीन्सला मुद्दाम पाडलेल्या भोकांसारखा वाटतो.

किक, म्हणजे ढोलाचा ठोका, सगळ्यात शेवटी, आणि मऊ, जणू भिंतीपलीकडे वाजतेय अशी. मी वर्षभर आधी किक टाकून बसायचो आणि कॉर्ड बिचारी तिच्यामागे पळत राहायची.