1 जुलैच्या आधी: क्लबच्या नव्या सेक्रेटरीसाठी तयारीची यादी

1 जुलैला रोटरीचं वर्ष बदलतं आणि सेक्रेटरीचं दफ्तर तुमच्याकडे येतं. पुण्यात हा मुहूर्त जरा अडचणीचाच. जून-जुलैत पालख्या, पाऊस सुरू झाला की झाडं, ऑगस्टमध्ये रक्तदान, मग गणपती. वर्षातली निम्मी कामं पहिल्या तीन महिन्यांत येऊन पडतात. 2016 पासून महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी नियमाला चालतं, पण निदान या तीन महिन्यांत साप्ताहिक सभा सोडू नका. एक आठवडा मध्ये रिकामा गेला की लोक काय ठरलं होतं ते विसरतात, आणि पुढची सभा ते आठवण्यातच संपते.

सभेची तयारी सभेच्या दोन दिवस आधी, मागच्या इतिवृत्तापासून सुरू करा. कोण काय करतो म्हणाला होता, तेवढ्या ओळी बाजूला काढा आणि त्या-त्या माणसाला फोन करा. फोनच करा. ग्रुपवर टाकलेल्या निरोपाला अंगठा येतो. माणूस येईलच असं नाही. ज्येष्ठ सभासदांना तर मेसेज पाठवून भागवूच नका. काका-काकूंना आपली आठवण ठेवून कोणी फोन केला याचं फार असतं, आणि वेळेवर येणारेही तेच असतात.

हॉलचं काम सोपं आहे, पण दर वेळी तेच तीन घोटाळे होतात. चहा-नाश्त्याचा आकडा आदल्या संध्याकाळी कळवायचा असतो, आणि पावसाळ्यात तो ग्रुपवरच्या होकारांपेक्षा थोडा कमीच सांगावा. माइकचे जादा सेल स्वतःच्या पिशवीत असू द्यात. राष्ट्रगीत फोनवर उतरवून ठेवा. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये नेमकी त्याच वेळी रेंज जाते आणि सगळे उभे राहून सेक्रेटरीकडे बघत राहतात. घंटा, हातोडा, अध्यक्षांची कॉलर (गळ्यात घालायची पदाची पट्टी) आणि हजेरीची वही एकाच पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी एकाच घरी.

वक्त्यांना वेळ सांगताना 'अर्धा तास' असं मोघम सांगू नका. 25 मिनिटं बोलणं, 10 मिनिटं प्रश्न, असं आधीच स्पष्ट करा. त्यांचा परिचय त्यांच्याकडूनच चार ओळींत मागवा आणि जो वाचणार आहे त्याला आदल्या दिवशी द्या, म्हणजे आडनावाची मोडतोड होत नाही. गाडी कुठे लावायची हेही कळवा. पेठेतल्या हॉलला रिक्षाने या म्हणून सरळ सांगितलेलं बरं. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यावं असं माझं मत आहे; गुच्छ बऱ्याचदा टेबलावरच राहतो.

सभेतला खरा वेळ वक्त्यानंतरच्या दहा मिनिटांचा. अध्यक्ष विचारतात, "रविवारी कोण कोण येणार?" आणि बरेच हात वर होतात. ते हात मोजू नका. कागद फिरवा: नाव, किती वाजता, कोणतं काम. 'मदतीला येतो' हे काम नव्हे. 'सात ते नऊ नोंदणीच्या टेबलावर बसतो' हे काम. कागद भरल्याशिवाय सभा संपल्याची घंटा वाजवू देऊ नका, अध्यक्ष कितीही घाईत असले तरी.

आता रक्तदान, कारण यात उत्साह सगळ्यात जास्त आणि विचार सगळ्यात कमी होतो. तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला विचारा की तुम्हाला गरज कधी आहे. आपल्याला 15 ऑगस्ट सोयीचा वाटतो, तसा तो शहरातल्या इतर मंडळांनाही वाटतो. प्लेटलेट्स 5 दिवसच टिकतात, लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस. एकाच आठवड्यात पिशव्यांचा ढीग लागून उपयोग नाही. खरा तुटवडा मे महिन्यात जाणवतो, कॉलेजं बंद आणि अर्धं पुणं गावाला. म्हणून एका मोठ्या शिबिराऐवजी दोन छोटी घ्या, त्यातलं एक उन्हाळ्यात. तारीख नक्की करताना कालनिर्णय उघडा. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवारी शिबिर ठेवलंत तर उपाशीपोटी आलेल्यांना परत पाठवावं लागेल.

निरोपातच पात्रता लिहा: वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 किंवा जास्त, आधीच्या रक्तदानाला पुरुषांना 90 दिवस आणि स्त्रियांना 120 दिवस झालेले. वर्षभरात टॅटू काढलेला असेल किंवा तीन महिन्यांत मलेरिया झालेला असेल तर येऊ नका, हेही लिहा. हिमोग्लोबिन कमी म्हणून परत जाणाऱ्यांत बायका जास्त असतात, आणि त्यांना सगळ्यांसमोर 'तुमचं चालत नाही' असं ऐकावं लागतं. तपासणीच्या टेबलाजवळ एखाद्या ताईंना बसवा. पुढे काय खायचं, डॉक्टरांना कधी दाखवायचं हे त्या बाजूला घेऊन नीट सांगतील. हवेशीर खोली, पंखे आणि रक्तदानानंतर पंधरा मिनिटं बसायला खुर्च्या ही जबाबदारी आपली. खाटा आणि बाकीचं सामान कोण आणणार ते रक्तपेढीकडून लेखी घ्या. भेटवस्तूंच्या चढाओढीत पडू नका. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात 1 जानेवारी 1998 पासून बंदी आहे. मिक्सर-कुकरच्या आमिषाने दाता आपला आजार लपवतो, आणि तो धोका पेशंटच्या वाट्याला येतो. चहा, बिस्किटं आणि प्रमाणपत्र एवढं पुरे.

पालख्यांच्या सेवेत उलट चूक होते: आपल्याला द्यायला आवडतं ते आपण देतो. फर्ग्युसन रस्ता, लक्ष्मी रस्ता या भागात बिस्किटांचे पुडे आणि केळी इतकी वाटली जातात की वारकरी नको म्हणतात. चालून आलेल्या माणसाला हवं असतं ते पाय चेपून घेणं, फोडांवर मलमपट्टी, मोबाइल चार्ज करायला बोर्ड, बायकांना स्वच्छ आणि कडी असलेलं स्वच्छतागृह. शेवटच्या गोष्टीसाठी ओळखीच्या शाळेला किंवा मंगल कार्यालयाला आठवडाभर आधी गाठा. गोळ्या डॉक्टरांच्याच हातून जाऊ द्यात. बीपी-शुगरची औषधं घरी विसरलेले बरेच भेटतात. मुक्कामाच्या सुमारास एकादशी येते, तेव्हा पोह्यांची ऑर्डर देण्याआधी तिथी बघा आणि त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी ठेवा. रस्ते सकाळपासून बंद होतात, म्हणून सामान आदल्या रात्रीच भवानी पेठ-नाना पेठेत पोचलेलं असावं. आणि 'माउली' म्हणून हाक मारा, म्हणजे वयाचा हिशोब करावा लागत नाही.

झाडांबद्दल थोडक्यात. टेकडीवर जायचं तर वनखात्याची परवानगी, खड्डे आधी खणलेले, रोपं देशी आणि कमरेएवढी: बहावा, काटेसावर, आपटा. जुलैत लावणारे शंभर मिळतात. फेब्रुवारी ते मे कॅन घेऊन चढणारे सात-आठ. तेवढ्यांना जेवढी झाडं जगवता येतील तेवढीच लावा. विसर्जनाला घाटावर जाणाऱ्यांसाठी रबरी हातमोजे आणि गमबूट घ्या; निर्माल्यातून प्लॅस्टिक, दोरे आणि थर्माकोल तिथल्या तिथे वेगळं करा आणि ते गोळा करणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या सेवकांना विचारूनच तुमची जागा ठरवा. ते काम वर्षानुवर्षं तेच करत आहेत, आपण एका दिवसाचे पाहुणे.

प्रत्येक कामानंतर बिलं त्याच आठवड्यात खजिनदारांकडे द्या. पावसात भिजलेली पावती ऑडिटला वाचता येत नाही, म्हणून तिथेच फोटो काढा. फोटोवरून आठवलं: दाते, वारकरी, शाळेतली मुलं यांचे चेहरे विचारल्याशिवाय टाकू नका. आपल्या बॅनरचा फोटो हवा तेवढा टाका. आणि पुढच्या सभेसाठी वक्ते अजून ठरलेले नसतील, तर आज रात्रीच कोणाला तरी फोन करा.